बेटावरची तीन वर्षं

योसू, १२ मार्च १९९३

इनसूचे बाबा,

नर्सिंग कॉलेजातून या वर्षीचे अर्ज आले आहेत, सोबत पाठवते. आपल्या शिष्यवृत्तीच्या कागदावर नवरा-बायको दोघांच्या नावाचे शिक्के लागतात, हा नियम तुमचाच. तो नसता तर मी हे पत्र लिहिलं नसतं. बेटावर फोन एकच, तोही सरपंचाच्या घरी, आणि माझं नाव ऐकलं की तुम्ही जाळं दुरुस्त करायला बसता असं सरपंचीणबाई सांगतात. म्हणून पत्र.

दोन मुली मला बऱ्या वाटल्या. एक कोहुंगची, वडील कालवं काढतात. दुसरी सुंचनची, आईची बाजारात टोफूची गाडी आहे. पहिली कमी बोलते, दुसरी फार बोलते. दोघींनाही नर्सच का व्हायचंय असं विचारलं. पहिली म्हणाली, नोकरी लगेच लागते. दुसरीने आजाऱ्यांची सेवा वगैरे पाठ करून आणलेलं सांगितलं आणि मग हसून म्हणाली, मलाही नोकरीच हवी आहे. दोघी घ्याव्यात असं माझं मत.

तुमची अट मी या वर्षी कागदावरून काढली आहे. 'नर्स झाल्यावर तीन वर्षं बेटावरच्या दवाखान्यात काम करीन' ही ओळ. का काढली ते तुम्हांला ठाऊक आहे, पण त्या दिवशी ऐकून न घेताच तुम्ही बॅग भरलीत, म्हणून एकदा लिहून टाकते.

हाक्सोमसारख्या मूठभर घरांच्या बेटाला दवाखाना मंजूर झाला, आणि पहिली नर्स म्हणून आपण शिकवलेली उन्शिलच तिथे गेली, तेव्हा तुम्ही आठवडाभर दुकानात पाय ठेवला नाहीत. आपल्या जुन्या बेटावर जाऊन दवाखान्याला चुना दिलात, चुलीचं धुराडं बदललंत. मलाही बरं वाटलं होतं, ते नाकारत नाही. ज्या बेटावर आपला मुलगा औषधाशिवाय गेला तिथे आता आपली मुलगी औषध देते, असं तुम्ही येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत होतात. मी शेजारी उभी राहून सुकी मासळी मोजून देत होते आणि ऐकत होते.

पण उन्शिल तिथे एकटी होती. दिवस मावळला की कुणीतरी पिऊन दार वाजवायचं. डोकं दुखतंय, गोळी दे. गोळी दिली की दारातून हलायचं नाही. तिने तुम्हांला सांगितलं, तुम्ही दाराला नवी कडी बसवलीत. पुन्हा सांगितलं, तुम्ही त्या माणसांना दम भरलात आणि ते काही दिवस गप्प बसले. मग तिने तुम्हांला सांगणं सोडलं आणि मला सांगितलं. तिचे केस मुठीने गळत होते. तुम्ही म्हणालात, "तिने सही केली आहे. तीन वर्षं म्हणजे तीन वर्षं." मी दुसऱ्या दिवशीच्या बोटीने गेले आणि तिला घेऊन आले. इनसूनंतर त्या धक्क्यावर मी पहिल्यांदाच उतरले होते. हे सांगायचं राहिलं होतं.

दवाखाना बंद झाला. तो मी बंद पाडला असं तुम्ही म्हणालात, तसं धरून चाला. "कुणीच राहणार नसेल तर मी राहतो," असं म्हणून तुम्ही गेलात. नर्सच्या जागी सुक्या मासळीचा व्यापारी राहून बेटाचा काय फायदा, हे तेव्हा विचारलं नाही. आता विचारते.

कागद परतीच्या बोटीने पाठवा.

मालसुन


योसू, २० मार्च १९९५

इनसूचे बाबा,

कागद पोचले. शिक्का आहे. अट तुम्ही पुन्हा स्वतःच्या हाताने लिहिली आहे, या वेळी अक्षर जरा मोठं आहे. दर वर्षी मी खोडते, तुम्ही लिहिता. कॉलेजच्या प्राचार्यबाई म्हणाल्या, "तुम्हां दोघांचा संसार या एका ओळीवर चाललेला दिसतो." मी त्यांना म्हणाले, लोकांचा त्याहून कमीवर चालतो.

तुम्हांला अंधारात ठेवायचं नाही, म्हणून कळवते. सही करण्याआधी मी प्रत्येक मुलीला सांगते, की ही ओळ माझ्या नवऱ्याची आहे आणि मी जिवंत असेपर्यंत ती कुणावर लादली जाणार नाही. मुली ऐकतात, मान हलवतात आणि सही करतात. आता यावर तुम्हांला जे करायचं ते करा.

उन्शिलबद्दल तुम्ही विचारलं नाहीत. ती चिंजूला असते. लग्न झालं, नवऱ्याबरोबर तांदळाच्या मिठाईचं दुकान चालवते. सुगीच्या सणाला मला डबा पाठवला होता, पाइनच्या पानांवर उकडलेल्या करंज्या. चांगल्या होत्या. नर्सचं काम तिने सोडलं. पुन्हा सुई हातात धरणार नाही म्हणते. तिच्यावरचा आपला खर्च वाया गेला असं तुम्हांला वाटत असेल. मला तसं वाटत नाही, पण वाद घालायला हा कागद पुरायचा नाही.

बाकीच्यांचं म्हणाल तर एक सोलला भाजलेल्यांच्या वॉर्डात आहे, तिला तिथे सगळे घाबरतात असं ऐकते. पहिल्या तुकडीतली जियोंग आता त्याच कॉलेजात शिकवते. तुमच्या अटीप्रमाणे दुसऱ्या बेटांवर जाऊन राहिलेल्याही आहेत. त्यातल्या एकीने तिथल्याच पोस्टमनशी लग्न केलं, आता तिला तिथून हलवायचं म्हटलं तरी हलणार नाही. तेव्हा तुमचं सगळंच चुकलं असं मी कधी म्हटलं नव्हतं. तुम्ही तसं ऐकलंत.

शेजारची झिंगेवाली परवा चार बायकांसमोर म्हणाली, "लोकांचे नवरे बाईपायी घर सोडतात. मालसुनच्या नवऱ्याने दवाखान्यापायी सोडलं, तोही बंद." सगळ्या हसल्या. मी तिला झिंगे नीट निवडून द्यायला सांगितलं.

तुम्ही पाठवलेलं शेवाळ मिळालं. चांगलं वाळलेलं होतं. त्यातलं थोडं इनसूच्या वाढदिवसाच्या सुपाला ठेवलं आणि बाकीचं विकलं.

मालसुन


योसू, ५ मार्च १९९८

इनसूचे बाबा,

हा हिवाळा कसा गेला ते बेटावरच्या रेडिओवर ऐकलंच असेल. आपल्या गल्लीतली निम्मी दुकानं बंद आहेत. ज्या हॉटेलांना आपण पोत्याने माल द्यायचो, ती पुडीने घेतात. देशाचं कर्ज फेडायला सरकारने सोनं द्या म्हटल्यावर बायका लग्नातल्या अंगठ्या घेऊन बँकेत रांगा लावत होत्या. माझी मी दिली नाही. का दिली नाही ते विचारू नका, मलाही नीट माहीत नाही.

या वर्षी शिष्यवृत्ती थांबवावी असं मनात आलं होतं. प्राचार्यबाईंना सांगायला म्हणून कॉलेजात गेले. त्या वर्गात होत्या, म्हणून बाकावर बसले. तिथे एक मुलगी फी भरायच्या खिडकीशी वाद घालत होती. कारकून म्हणत होता, मुदत संपली. ती म्हणत होती, "मुदत संपली म्हणजे तुमची खिडकी बंद झाली. माझं शिक्षण कसं संपेल?" आवाज चढवलेला नव्हता. नुसती उभी होती, आणि तिच्यामागे रांग वाढत होती.

तिचं नाव थाक हेसुक. पहिलं वर्ष झालं आहे. आई नाही, वडील कुठे आहेत ते तिलाही माहीत नाही. आत्याने वाढवली. आत्या आपल्याच बंदरावर मासे साफ करते, तुम्ही ओळखाल, डाव्या हाताने सुरी चालवते ती. आत्याचं काम हिवाळ्यात गेलं. मी प्राचार्यबाईंना न भेटताच, या वर्षी एकच मुलगी घेऊ, असं ठरवलं.

पण एक अडचण आहे. अटीबद्दल मी नेहमीसारखं सांगितलं, की ओळ आहे पण तिला अर्थ नाही. तर म्हणाली, "अर्थ नसेल तर लिहिली कशाला? आणि लिहिली असेल तर मी खोटी सही कशाला करू?" मी म्हटलं, ते माझ्या नवऱ्याला विचार. ती म्हणाली, "विचारीन. तीन वर्षं जिथे राहायचं ते बेटही बघायला हवं." तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत ती तुमच्याकडे येणार आहे. मी अडवलं नाही. तिला अडवता येईल असं मला वाटलंही नाही. पहिल्या सहामाहीची फी मी बिनकागदाची भरली आहे.

भाताला मीठ कमी वापरत असाल अशी आशा आहे. तुमचे थोरले भाऊ कशाने गेले ते लक्षात असू द्या.

मालसुन


हाक्सोम, ९ ऑगस्ट १९९८

आजी,

येऊन आठवडा झाला. बोटीत उलटी झाली, ते सोडलं तर मी ठीक आहे. सरपंचीणबाईंकडे झोपते आणि दिवसभर आजोबांकडे असते. मी धक्क्यावर उतरले तेव्हा आजोबा उभे होते. मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "फारच लहान आहेस." मी म्हटलं, "तुम्ही फारच म्हातारे आहात." मग माझी पिशवी उचलली.

दवाखाना त्यांनी काय ठेवलाय! बंद आहे हे सांगावं लागतं. चादरी धुतलेल्या, काचा पुसलेल्या. कॉलेजने सुट्टीपुरतं रक्तदाबाचं यंत्र दिलं आहे. ते घेऊन मी पायरीवर बसते. पहिल्या दिवशीच बायका जमल्या. शिंपल्यांसाठी बुड्या मारणारी एक आजीबाई म्हणाली, "म्हाताऱ्याने इतकी वर्षं भिंतीला चुना लावला, शेवटी नर्स उगवली." मी तिला सांगितलं की मी अजून विद्यार्थिनी आहे, रक्तदाब बघेन, औषध देणार नाही. ती म्हणाली, "मग अर्धीच उगवलीस." तिचा रक्तदाब ऐकून मला घाम फुटला. तिला पुढच्या बोटीने मोठ्या दवाखान्यात पाठवलं आहे.

आता ज्यासाठी लिहिते ते. आजोबा लंगडतात. खडकावर घसरलो म्हणतात. काल पाण्यातून बाहेर येऊन त्यांनी रबरी बूट काढला तेव्हा मला पाय दिसला. डाव्या पायाचं अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलं आहे. वास येतो. दुखत नाही म्हणतात, आणि तेच वाईट आहे. मला साखरेची शंका येते, पण ते डॉक्टरने बघायला हवं, आणि लवकर. आजोबा म्हणाले, "मालसुनला कळवायचं नाही." मी म्हटलं, "मी कळवणार." त्यावर त्यांनी बूट पुन्हा पायात चढवला. मग म्हणाले, "कळवणारच असशील तर सगळंच कळव. मी तिला लिहायला बसलो की ती एक ओळ तेवढी लिहून होते." म्हणून पुढचं लिहिते आहे. मी माझ्या मनाने लिहीत नाही, हे लक्षात घ्या.

मी त्यांना अटीबद्दल विचारलं. आम्ही दवाखान्याच्या पायरीवर बसलो होतो, समोर शेवाळ वाळत होतं. त्यांनी इनसूचं सांगितलं. की पोट दुखतं म्हणून तो लोळत होता, आणि त्या आठवड्यात वारा असा होता की बोट नाही, काही नाही. मग एकाएकी दुखायचं थांबलं, तेव्हा तुम्हां दोघांना वाटलं की उतार पडला. मग ताप चढला.

आजोबा म्हणाले, "होडी होती माझी. मी धक्क्यावर दोर धरून उभा होतो. सगळे नको म्हणत होते. मालसुन काही बोलली नाही. नुसती होडीकडे बघत उभी होती. ओरडली असती तर बरं झालं असतं. ते बघणं अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही."

मग त्यांनी मला विचारलं, "तू शिकतेस, तुला माहीत असेल. तेव्हा या बेटावर नर्स असती, तर पोरगा वाचला असता ना?"

आजी, 'हो' म्हणायला मला काहीच लागलं नसतं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. पण आम्हांला पहिल्याच वर्षी शिकवतात की माहीत असलेलं लपवायचं नाही.

मी म्हटलं, "नसता वाचला, आजोबा. मी जेवढं शिकले त्यावरून सांगते. त्याचं आतडं फुटलं होतं. त्याला सर्जन लागला असता, ऑपरेशनचं टेबल लागलं असतं. नर्स असती तर तिने ओळखलं असतं. त्याचं दुखणं थोडं हलकं केलं असतं. आणि मग तीही तुमच्यासारखीच समुद्राकडे बघत बसली असती."

"मग नर्स कशाला?" आजोबांनी विचारलं. रागावून नाही, खरंच विचारलं.

"निदान तुम्हांला तेव्हाच कुणी सांगितलं असतं, की तुमच्या हातात काही नव्हतं."

"आणि होडी?"

"त्या वाऱ्यात? आजी एकट्याच उरल्या असत्या."

ते उठले आणि शेवाळ उलटायला गेले. अर्ध्या तासापूर्वीच उलटलं होतं, तरी पुन्हा उलटलं. त्यानंतर दिवसभर माझ्याशी एक शब्द नाही. मला वाटलं, संपलं, शिष्यवृत्तीही गेली आणि परतीची बोट परवापर्यंत नाही. संध्याकाळी जेवताना त्यांनी माशाचा मधला तुकडा माझ्या वाटीत घातला आणि म्हणाले, "तू चांगली नर्स होशील. इथे राहू नकोस."

मी जे बोलले ते बोलायला नको होतं का, ते मला कळत नाही. तुम्ही रागावला असाल तर तसं सांगा. पायाचं मात्र लवकर बघा.

हेसुक


योसू, १४ ऑगस्ट १९९८

इनसूचे बाबा,

हेसुकचं पत्र काल आलं. दुकान उघडं ठेवलं, पण दोनदा वजन चुकलं, तेव्हा दुपारी फळ्या लावल्या.

आधी पायाचं. मंगळवारच्या बोटीने या. डॉक्टरला सांगून ठेवलं आहे. पायाचं ते बोट काढतील कदाचित, पाय वाचेल. वाट बघितलीत तर पाय काढतील. हे मी हेसुककडून नाही, डॉक्टरकडून ऐकून लिहिते.

आता दुसरं.

मी होडीकडे बघत नव्हते.

तुम्ही दोर हातात घेतलात, सोडलात, पुन्हा घेतलात. मी तुमच्या मागे उभी होते. होडीच्या पलीकडे, बंधाऱ्याच्या तोंडाशी लाटा फुटत होत्या, त्यांच्याकडे बघत होते. आणि त्या कमी होऊ नयेत असं मनात म्हणत होते. थोड्या जरी कमी झाल्या असत्या तरी तुम्ही दोर सोडून गेला असतात, हे तुमच्या पाठीवरून मला दिसत होतं. घरात इनसू जात होता. दुखायचं थांबलं तेव्हा तुम्ही हसलात, मीही हसले, पण त्याच्या कपाळाला हात लावला तेव्हाच मला कळलं होतं. तो चालला होता. तुम्हांलाही घालवायचं नव्हतं.

बोलले नाही, कारण तोंड उघडलं असतं तर 'जाऊ नका' एवढंच निघालं असतं. मुलगा आत पडलेला असताना आईच्या तोंडून ते कसं निघावं? मग तो गेला, आणि त्यानंतर ते बोलण्यासारखं राहिलं नाही. तुम्ही धक्क्यावरून मागे वळलात तेव्हा मला हायसं वाटलं होतं. त्या दिवशी, त्या घरात, मला हायसं वाटलं. हे कुणाला सांगायचं असतं?

तुमच्या डोळ्यांपुढून काय हलत नाही, हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर आधी सांगितलं असतं. कदाचित सांगितलं नसतंही.

घरी राहायचं की परत जायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी त्याबद्दल काही म्हणत नाही. मंगळवारी बोट दुपारी लागते. मी धक्क्यावर असेन.

मालसुन


योसू, २७ मार्च २०००

प्रिय हेसुक,

तुझं पुसानहून आलेलं पत्र मिळालं. मुलांच्या वॉर्डात घेतलं, बरं झालं. पहिल्या आठवड्यात संडासात जाऊन रडलीस असं लिहिलं आहेस. जियोंग सांगत होती, सगळ्याच रडतात, फक्त पाण्याचा नळ सोडायला विसरायचं नाही. आत्याला तुझा पहिला पगार मिळाला. तिने त्यातून मला एक जोड मोजे आणून दिले आणि ह्यांना जास्त महागाचे.

त्या उन्हाळ्याचं तू पुन्हा विचारलंस. तेव्हा तू परीक्षेत होतीस आणि नंतर मी टाळलं, म्हणून आता लिहिते. सांगण्यासारखं फार नाही. मंगळवारच्या बोटीतून हे उतरले, काठी टेकत. मी पुढे झाले नाही, तिथेच उभी राहिले. हे माझ्यापर्यंत आले आणि म्हणाले, "जेवलीस का?" मी नाही म्हटलं. मग धक्क्यावरच्या टपरीत आम्ही माशाचं सूप घेतलं. ह्यांनी माझ्या वाटीत मिरची घातली, मला लागते तेवढी. मग डॉक्टरकडे गेलो. दोन बोटं काढावी लागली. पाय वाचला.

लाटांबद्दल आम्ही बोललो नाही. एकदाच, पट्टी बदलताना हे म्हणाले, "तुझं पत्र मिळालं होतं." मी म्हटलं, "बरं." तेवढंच. तुला कमी वाटेल, पण आम्हांला ते पुरलं. बेटावर परत जाण्याचा विषय ह्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. सकाळी दुकान हे उघडतात आणि माझ्यापेक्षा वजन हलकं देतात, त्यावरून आमची रोज भांडणं होतात. गिऱ्हाइकं ऐकायला थांबतात.

हाक्सोमच्या दवाखान्यात या महिन्यापासून सरकारने नर्स दिली आहे. आपली मुलगी नाही. चाळिशीची बाई आहे, मोक्पोहून बदली होऊन आली, बरोबर नवरा आणि एक मोठा कुत्रा आहे. सरपंचीणबाई म्हणतात की पिऊन दार वाजवणारे आता दुसऱ्या बाजूने वळसा घालून घरी जातात. किल्ली ह्यांनी त्या बाईला टपालाने पाठवून दिली. एक चिठ्ठीही लिहीत होते, पण मग फाडून टाकली.

आता काल काय झालं ते. या वर्षी पुन्हा दोन मुली घेणार आहोत. अटीची ओळ कागदावर नव्हती. ह्यांनीच नवा कागद छापून घेतला, मला न विचारता. मुलाखतीला मी बोलावलं नव्हतं, तरी हे येऊन माझ्या शेजारी बसले. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच. आधीच्या मुलींना मुलाखतीच्या वेळी ह्यांचं फक्त नाव माहीत असायचं.

पहिली मुलगी मो यून्हा, कोहुंगची, एकोणीस वर्षांची. बोटं एकमेकांत गुंतवून बसली होती. मी नेहमीचं विचारलं, घर, शाळा, का वगैरे. ती बरं बोलली. मग हे म्हणाले, मला एक विचारायचंय. मला वाटलं, आता बेट निघणार.

हे म्हणाले, "समज, तुझ्यापुढे एक आजारी मूल आहे. त्याला वाचवता येणार नाही, हे तुला कळलं आहे. आईबाप दाराशी उभे आहेत. त्यांना तू काय सांगशील?"

मुलीने गुंतवलेली बोटं सोडवली. मी ह्यांच्या पायाला पाय लावला, पण ह्यांनी लक्ष दिलं नाही. ती म्हणाली, "मला माहीत नाही." डोळ्यांत पाणी आलं होतं तिच्या. आपण नापास झालो असं तिला वाटलं असणार. मग पुसून म्हणाली, "तुम्हांला कुणी काय सांगितलेलं चाललं असतं?"

हेसुक, मी ह्यांच्याबरोबर एवढं आयुष्य काढलं. इनसूबद्दल ह्यांनी दुकानात शंभर जणांना सांगितलं असेल, पण ते नेहमी असं, की आमचा मुलगा औषधाशिवाय गेला, म्हणून आम्ही नर्सना शिकवतो. तेवढ्यावर संपायचं. त्या मुलीला ह्यांनी असं सांगितलं, की त्याचा पुढचा एक दात पडला होता आणि तो त्याने छपरावर फेकायचा राखून ठेवला होता, कारण वारा थांबायची वाट बघत होता. की तो मला घाबरायचा आणि ह्यांना नाही. की आजारपणातसुद्धा, दुखायचं थांबल्यावर, त्याने भाजलेली रताळी मागितली होती आणि मी दिली नव्हती, आणि नंतर ह्यांनी माझ्यामागे एक लहानसा तुकडा दिला होता.

हे मला माहीत नव्हतं. त्याने तो तुकडा खाल्ला का, ते मी ह्यांना विचारलं. तिथेच, त्या मुलीसमोर.

"खाल्ला," हे म्हणाले. "अजून मागत होता."

मुलगी ऐकत होती. तिने एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही. मी उठले आणि जवाचा चहा ठेवला. बाहेर दुसरी मुलगी मघापासून बसली होती, तिलाही एक पेला नेऊन दिला आणि सांगितलं, थोडा वेळ लागेल.

तुझी,
मालसुन आजी